सारवणीचा दुसरा हात

आमच्या खरसुळ्यात त्या साली माघ महिन्यात नदी वाहत होती आणि नदीकाठच्या विहिरी आटत चालल्या होत्या. असं उलटं गावानं कधी बघितलं नव्हतं. एरवी आमच्या बेलणा नदीत नुसती वाळू दिसायची आणि विहिरीत पाणी असायचं. आता नदीत घोट्याच्या वर पाणी, स्वच्छ, तळ दिसणारं, आणि काठावरच्या विहिरीत मोटर हवा ओढून खरखर करायची. लोक माझ्याकडं बघायचे. बघणारच, कारण नदीत यंत्र फिरवत होते ती मी.

यंत्राचं सरकारी नाव घ्यायला बसलं तर चहा गार होतो. 'नदीतळ पाझर नियंत्रण संयंत्र'. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याला सारवणी म्हणायला सुरुवात केली. बाया शेणामातीनं भुई सारवतात तशी ही नदी सारवते, मग दुसरं काय म्हणणार? ट्रॅक्टरपेक्षा बुटकी, लोखंडी पट्ट्यांवर चालणारी आणि पोटाखाली नळ्यांचा मोठा फणा. तिचं शिक्षण मी पुण्याला राहून घेतलं. तालुक्यात सारवणी चालवणारी बाई मी एकटी, हे मी कुणी न विचारताही सांगते.

आता नदी सारवायची कशाला, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जिथं पाऊस बक्कळ, तिथं जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलेलं असतं. ते काठांतून झिरपून नदीत येतं, म्हणून तिथल्या नद्या उन्हाळ्यातही वाहतात. तिथं जमीन नदीला पाजते. आमच्या दुष्काळी पट्ट्यात जमिनीतलं पाणी खाली आणि नदीचा तळ वर. त्यामुळं नदीत आलेलं पाणी वाळूतून खाली उतरतं. इथं नदी जमिनीला पाजते आणि पाजता पाजता संपून जाते. वर घाटाजवळ धरण आहे. हिवाळ्यात धरणातून आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सोडतात ते नदीतूनच, कारण आमचा कालवा नकाशातच राहिला. सोडलेलं पाणी खरसुळ्याला येईपर्यंत निम्मं व्हायचं, आणि आमच्या शिवारातल्या लांबच लांब वाळूत उरलेलंही गडप व्हायचं. खालच्या बनशेवरीला माझ्या जन्मापासून आवर्तनाचा थेंब पोचला नव्हता.

बनशेवरी माझं माहेर. तिथं बोअरचं पाणी पितात. इतक्या खोलातलं पाणी खडकातून फ्लोराइड घेऊन वर येतं आणि ते माणसाच्या हाडांत साठतं. माझी आई पन्नाशीतच कमरेत वाकली. तिला मान वळवून मागं बघता येत नाही, हाक मारली तर अख्खी वळते. पाणी शुद्ध करायचं यंत्र गावात दोनदा बसवलं, दोन्ही वेळा त्याचं सामान बदलायला कुणी फिरकलं नाही आणि आता त्या खोलीत कुत्री निजतात. माझ्या धाकट्या भावाची, किशोरची, पोरगी ओवी सात वर्षांची आहे. दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी रेघा घेऊनच. हल्ली शाळेच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबते, गुडघे दुखतात म्हणते. डॉक्टर म्हणाले, हाडं वाढतायत तोवर पाणी बदला, नंतर बदलून उपयोग नाही. खोटं कशाला बोलू, मी सारवणी शिकले ती जगाचं कल्याण करायला नाही. मला ओवीचा घोर लागला होता.

सारवणीच्या टाकीत एका जातीचे जिवाणू असतात आणि सोबत क्षारांचं पाणी. फणा वाळूत हातभर खाली घुसतो आणि हे मिश्रण सोडतो. दुधाला विरजण लावल्यावर दही धरतं, तसा वाळूच्या कणाकणांमध्ये चुना धरतो आणि कण एकमेकांना चिकटतात. पहिला हात दिला की पाझर बराचसा थांबतो. हा हात कच्चा असतो. लिंबाच्या रसासारखं सौम्य आम्ल फण्यातून सोडलं तर चुना विरघळून वाळू परत मोकळी होते. दुसरा हात दिला की झाला दगड. मग कुणाच्या बापाला ती वाळू परत मोकळी करता येत नाही.

खरसुळ्याच्या शिवारात पहिला हात मी दिवाळीआधी दिला. त्याच्यावरून पौषातलं आवर्तन वाहत गेलं आणि बनशेवरीला पोचलं. किशोरनं फोन लावून दाखवलं. ओवी दोन्ही हातांनी फ्रॉक वर धरून पाण्यात उभी, आणि काही केल्या बाहेर यायला तयार नाही. मी सारवणीच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. त्याच आवर्तनाच्या पाण्याखाली दुसरा हात द्यायचा होता. सोमवार ठरला होता.

त्याच्या आधीच्या गुरुवारी मी दुपारी जेवायला घरी आले. घर म्हणजे मी आणि सासूबाई. त्यांचं नाव शालन, मी त्यांना आत्ती म्हणते. माझे मालक सयाजी कोइमतूरला असतात, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात. आमच्या भागातले निम्मे पुरुष त्याच धंद्यात कुठं कुठं पांगलेत. शेत म्हणजे आत्तींची विहीर आणि तिच्यावरचा कांदा. आत्ती विहिरीच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मोटार परत हवा खातीय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या पारूबाईच्या इहिरीत बी तसंच. ती मला तोंडावर म्हनाली, तुज्या सुनंनं माहेराला पानी न्हेलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार? गेलंयच की माहेराला."

मला असा राग आला की जेवणच नको वाटलं. "आत्ती, नदीचं पाणी तुमच्या विहिरीत येतच नाही. गेल्या साली तपासून झालंय. मुजावर मॅडम स्वतः आल्या होत्या."

नफिसा मुजावर म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या भूजलाच्या शास्त्रज्ञ. सारवणीचा नियमच आहे, की ज्या गावच्या विहिरी नदीवर जगतात तिथं ती चालवायची नाही. म्हणून गेल्या सालच्या आवर्तनात मॅडमनी नदीच्या पाण्यात खूण सोडली होती. खूण म्हणजे एक निरुपद्रवी पदार्थ. प्यालं तरी कळत नाही, पण विहिरीत त्याचा कण जरी आला तरी यंत्र ओळखतं. आवर्तन संपेपर्यंत त्यांची माणसं रोज विहिरी तपासत होती. एकाही विहिरीत खूण आली नाही. त्यावरून ठरलं, की खरसुळ्याच्या विहिरी डोंगराकडच्या झऱ्यांवर भरतात, आणि नदीत मुरणारं पाणी खडकाच्या भेगांतून खोल निघून जातं, कुणाच्याच कामाला येत नाही. मग नदी सारवली तर कुणाचं काय बिघडणार? हे सगळं मी आत्तींना सुनावलं, जरा नाक वर करूनच.

आत्तींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "त्या वक्ताला इहिरीला काठोकाठ पानी हुतं बग. मी लगीन हून आल्यापसनं तेवडं पानी बगिटलं न्हवतं. मोटारीच न्हवत्या ना कुनाच्या."

"मोटरी नव्हत्या म्हणजे?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या. "आगं, सरकारी मानसं इहिरीत यंत्र सोडनार म्हटल्यावर मोटारी ठिवून कसं चालंल? समद्या बिनचिपच्या. रातोरात वर काढल्या आन् कडब्याच्या गंजीत घातल्या. तू तवा पुन्याला हुतीस शिकाय. ती मानसं जाईस्तवर समदं गाव टँकरचं पानी प्यालं, उभी पिकं वाळली, पर एकानं तोंड उगडलं न्हाय. एवडी एकी या गावात कंदी झाली न्हवती."

चिपचं सांगायला हवं. कायदा असा, की विहिरीवरच्या प्रत्येक मोटरीत चिप हवी. ती किती पाणी उपसलं ते मोजते आणि ठरलेलं माप ओलांडलं की मोटर आपोआप बंद करते. बिनचिपची मोटर सापडली की जप्त. खरसुळ्यात चिपची मोटर एकच आहे, ग्रामपंचायतीच्या विहिरीवर, कुणी साहेब आला तर दाखवायला. हे मलाही ठाऊक होतं. पण तपासणीच्या काळात अख्ख्या गावानं उपसा बंद ठेवला होता, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

उपसा चालू असला की विहिरीतलं पाणी नदीच्या तळाच्या खाली उतरतं. पाणी जमिनीच्या आतही उताराकडंच धावतं. मग नदीतलं पाणी वाळूतून, मुरमातून वाट काढत विहिरीकडं ओढलं जातं. विहीर काठोकाठ भरलेली असेल तर ते तिकडं कशाला वळेल? ते वाळूखालून तसंच पुढं सरकतं. मॅडमनी खूण सोडली तेव्हा गावातली एकही मोटर चालू नव्हती, म्हणून खूण विहिरीत आली नव्हती. मोटरी चालू असत्या तर आली असती. आमच्या विहिरी नदीवरच जगत होत्या आणि ती नदी मी सारवून टाकली होती.

"आत्ती, हे मॅडमना सांगायला हवं."

"कशाला? मोटारी जप्त कराय?"

"विहीर आटली तर मोटर ठेवून काय करणार? हळदीकुंकू वाहणार तिला?"

"उनाळा आला की पानी उतरतंच. पुन्यांदा चडंल."

"नाही चढायचं आता. सोमवारी दुसरा हात दिला की कधीच नाही."

आत्तींनी सूप परत पुढ्यात ओढलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आन् तू सांगितलंस तर ती बाई नदी मोकळी कराय लावंल. मग तुज्या ओवीचं काय?"

ताट तसंच झाकून ठेवून मी नदीवर परत गेले.

संध्याकाळी सयाजींचा फोन आला. आत्तींनी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "तुला कशाला उचापती? गाव म्हणतंय गप बस, तुझ्या माहेराला पाणी मिळतंय. दोन्हीकडनं तुझंच बरं चाललंय की. दुसरा हात मार आणि मोकळी हो."

"आणि विहिरी?"

"विहिरी आटल्या तर बोअर मारू. मी पैसे पाठवतो."

सरळ माणूस आहे, त्याला सरळच दिसतं. मी फोन ठेवला. शुक्रवारी गावातल्या दोघा-चौघांशी बोलून बघितलं. सगळ्यांचं एकच, घरातली गोष्ट घरात ठेव. पारूबाईनं तर मला वेड्यात काढलं. दोन दिवसांपूर्वी मी माहेराला पाणी नेलं म्हणून बोंब मारणारी बाई आता म्हणत होती, जाऊ दे पाणी, पण मोटारीचं नाव काढू नको. डोक्याला हात लावायची वेळ.

रविवारी ओवीचा फोन. "आत्या, आम्ही आता नदीचं पाणी उकळून पितो. ते गोड लागतं. बोअरचं खारट लागायचं ना, मला माहीतच नव्हतं ते खारट आहे."

"गुडघे कसे आहेत गं?"

"दुखतात. पण बाबा म्हणतात आता थांबतील."

फोन ठेवल्यावर मी ठरवून टाकलं. गप बसायचं. मला कुणी विचारलं नव्हतं, चूक माझी नव्हती, गावानंच स्वतःच्या हातानं करून घेतलं होतं आणि गावालाच ते लपवायचं होतं. मी कोण लागून गेले सगळ्यांची काळजी वाहायला? असं स्वतःला सांगितलं आणि रात्रीच टाकीत दुसऱ्या हाताचं मिश्रण भरून ठेवलं.

सोमवारी सकाळी सारवणी पाण्यात उतरवली. दुसऱ्या हाताचं मिश्रण टाकीत तयार होतं. आत्तींच्या विहिरीसमोरूनच सुरुवात करायची होती, कारण तिथं वाळूचा थर सगळ्यात जाड. फणा खाली सोडला. नळ्या वाळूत शिरल्याचा तो दबका आवाज आला. आता फक्त बटण दाबायचं होतं. तेवढ्यात पुलावर घरघर ऐकू आली म्हणून मान वर केली. तमिळनाडूची बोअरची गाडी गावात येत होती. मागं दुसरी गाडी, लोखंडी पाइपांनी भरलेली. पुढं मोटरसायकलवर पारूबाईचा पोरगा वाट दाखवत होता.

मी बटणावरचा हात काढला. एक बोअर झाला की शेजारचा मारणार, मग त्याच्या शेजारचा. विहिरी कायमच्या गेल्या की खरसुळ्याची सगळी पोरं तेच खोल पाणी पिणार. म्हणजे मी बनशेवरी उचलून खरसुळ्यात आणून ठेवणार होते. एका गावच्या पोरांची हाडं वाचवायची आणि दुसऱ्या गावची मोडायची, आणि ती दुसरी पोरं रोज सकाळी मला काकी म्हणून हाक मारतात. मी फणा वर घेतला, सारवणी बंद केली आणि तिथूनच मुजावर मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, कडब्याच्या गंजीसकट.

मॅडमनी आधी बटण दाबलं नाही ना, तेवढं विचारलं. मग म्हणाल्या, "ऋतुजा, विहिरी भरलेल्या दिसल्या आणि मी खूश झाले. मोटरी कुठं आहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुसरा हात थांबव. मी येते."

दुपारपर्यंत त्या आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात रबरी बूट, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. आत्तींच्या विहिरीसमोरचा नदीचा एक पट्टा मी आम्ल सोडून मोकळा करायचा, वरच्या अंगाला त्या पाण्यात खूण सोडतील, आणि गावानं त्या बाजूच्या सगळ्या मोटरी एकदम चालू करायच्या. विहिरीत खूण आली तर नदी पूर्ण मोकळी करायची. नाही आली तर दुसरा हात.

पण मोटरी चालू करणार कोण? मॅडमच्या गाडीवरचं सरकारी चिन्ह बघूनच निम्मी दारं लागली होती.

पारूबाईच्या रानात बोअर चालू होता. नुसता धुरळा उडत होता, धुरळ्यावर धुरळा. दिवस कलल्यावर पाणी लागलं. गुलाल आणायला पोरगा पळाला. मॅडम गेल्या, बाटलीत पाणी घेतलं, गाडीतल्या यंत्रात तपासलं आणि बाटली घेऊन सरळ आत्तींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, हे बनशेवरीचंच पाणी आहे," त्या म्हणाल्या. "तेवढंच फ्लोराइड. कदाचित थोडं जास्तच."

आत्तींनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली. पाणी चांगलं नितळ होतं. "म्हंजी रुतुजाच्या आईवानी?" त्यांनी विचारलं. माझ्या आईला त्यांनी लग्नात ताठ चालताना बघितलं होतं आणि आता खाली वाकून भाकरी थापतानाही बघितलं होतं.

"हो. पोरांना लवकर."

"आन् मोटार चालू केली तर तुमी धरून न्हेनार."

"मी मोटरी मोजायला आलेली नाही. पण मला वरून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे आत्ताच सांगते."

आत्ती उठल्या. मला वाटलं घरात जाऊन दार लावून घेणार. त्या विहिरीवरच्या पेटीपाशी गेल्या, खटका ओढला आणि मोटर सुरू झाली. मग रस्त्यावर जाऊन पारूबाईच्या दारासमोर उभ्या राहून त्यांनी तिला अशा काही शिव्या घातल्या, की त्या इथं सांगता येणार नाहीत. पण त्यानंतर पारूबाईच्या विहिरीवर मोटर सुरू झाली आणि मग एकामागं एक काठावरच्या सगळ्या. उघड्यावर, सरकारी माणसासमोर, सगळ्या बिनचिपच्या मोटरी एकदम चालू. मी इकडं नदीत आम्ल सोडत सारवणी पुढं नेत होते. चुना विरघळताना पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते. पहिला हात देताना मला जितके दिवस लागले होते, त्याच्या कितीतरी पट लवकर तो निघत होता.

मॅडमनी खूण सोडली. आत्तींच्या विहिरीत यंत्राची तार सोडली आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. यंत्राच्या पडद्यावर एक आडवी रेघ होती. खूण आली की रेघ वर उठणार.

आत्ती देवाचं नाव घेत होत्या, रेघ उठू दे म्हणून. आता त्यांना विहीर हवी होती. मॅडम बोटं एकमेकांत गुंतवून बसल्या होत्या. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नको येऊ. मीच फोन केला होता, मीच मॅडमना बोलावलं होतं, आणि आता मीच म्हणत होते, नको येऊ, चुकू दे माझं सगळं, खोल जा, भेगांत जा, कुठंही जा, पण या विहिरीत येऊ नको. दुसऱ्या दिवशीही रेघ आडवीच राहिली. मला हलकं वाटायला लागलं. मी चहा केला, आत्तींना दिला, मॅडमना दिला, आणि ओवीला काय सांगायचं ते शब्दही मनात जुळवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ जरा हलली. मॅडम पुढं झुकल्या. थोड्या वेळानं ती स्पष्ट वर चढली आणि चढतच राहिली. पाठोपाठ पारूबाईच्या विहिरीवर बसलेल्या मॅडमच्या माणसानं हात वर केला, मग त्याच्या पलीकडच्यानं.

"नदीचंच पाणी आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "खरसुळ्याच्या हद्दीतला सगळा पहिला हात काढून टाक. पुढच्या आवर्तनाला नव्यानं तपासणी करू, मोटरी चालू ठेवून. तोवर बनशेवरीसाठी चांगल्या पाण्याचे टँकर मागते. मिळतील असं नाही सांगत, मागते एवढंच."

"बनशेवरीचं पाणी किती दिवस टिकेल?"

"तू जसजशी मोकळी करत जाशील तसतसं कमी होईल. शेवटी थांबेल."

म्हणजे तेही माझ्याच हातानं व्हायचं होतं.

मॅडम गेल्यावर मी किशोरला फोन लावला. कट्ट्यावरच बसले होते, मोटरीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून फोन मोठ्या आवाजावर करून मांडीवर ठेवला. आत्ती कांद्याला पाणी धरत होत्या. विहिरीचं पाणी वीतभर चढलं होतं आणि मोटर आता छान एकसुरात चालत होती.

मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्यानं चिडावं, ओरडावं, म्हणावं की ताई, तू नांदतेस त्या गावाचीच झालीस. त्यानं तसलं काही केलं नाही आणि त्यामुळं मला जास्तच लागलं.

"मुद्दाम नाही केलं रे," मी म्हणाले. "मला दुसरं काही करता येईना."

"मला कळतंय, ताई."

"ओवीला इकडं आण. माझ्याजवळ राहू दे. इथल्या शाळेत घालू, इथलं पाणी पिईल. तिची हाडं वाढायची तेवढी वर्षं मी सांभाळते तिला."

आत्ती खोरं घेऊन वाफ्यात उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आन म्हनावं पोरीला. माज्यापाशी निजंल."

किशोरच्या मागं पोरांचा आवाज येत होता, आणि पाण्यात धबाधब उड्या मारल्याचा. तो नदीवरच उभा होता.

"आणतो," तो म्हणाला. "उद्याच आणतो. पण ताई, तिच्या वर्गातली सगळी पोरं इथंच आहेत आत्ता. शाळा सुटली की घरी न जाता सगळी नदीवर येतात. या बाकीच्यांचं काय करू?"

फोनमधून पोरांचा गलका येत राहिला आणि इकडं मोटर चालू राहिली.

आत्तींनी खोरं खाली टाकलं. त्या वाफ्यातून बाहेर आल्या, पेटीपाशी गेल्या आणि मोटर बंद केली. "तेवडं पानी तरी खाली जाऊ दे," म्हणाल्या. कांद्याचे निम्मे वाफे अजून कोरडेच होते.